फेसलिफ्टनंतर हनुवटीखाली फुगवटा दिसतोय? पुन्हा काही करून घेण्याआधी हे वाचा

फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ताणून बसवायची सर्जरी, झालेली असते. गाल वर गेलेले असतात, जबड्याची रेघ कित्येक वर्षांनी दिसायला लागलेली असते, आणि नेमकं जिथं सपाट व्हायला हवं होतं तिथंच, हनुवटी आणि गळा यांच्या मधल्या भागात, काहीतरी भरलेलं दिसतं. कधी मधोमध, कधी एकाच बाजूला. कधी मऊ, कधी टणक. एवढे पैसे घातले, एवढं दुखणं काढलं आणि हे काय, असं वाटून रात्रीची झोप उडते. त्यातच कुणीतरी नातेवाईक सहज विचारतो, ‘गालगुंड झालंय का गं?’

मी यातून गेले आहे. सर्जरी मुंबईतच झाली, पुढचे सगळे फेरेही इथलेच. मी डॉक्टर नाही. इथं लिहिलंय ते स्वतःवर निभावलेलं आणि सर्जनना खोदून खोदून विचारून समजून घेतलेलं आहे. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. हनुवटीखालचा फुगवटा हा काही एकच प्रकार नसतो. रक्त, पाणी, लाळ, सूज, वळ (जखम भरताना आत तयार होणारा टणक वण), राहिलेली चरबी, स्नायू, लाळग्रंथी यांपैकी काहीही असू शकतं. प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे आणि काहींचा उपचार म्हणजे फक्त थांबणं. कारण कळेपर्यंत त्यावर काहीही करून घेऊ नका. ना मालिश, ना मशीन, ना इंजेक्शन.

१. सगळ्यात आधी: ही तातडीची गोष्ट तर नाही ना?

सर्जरी होऊन काही तास किंवा एक-दोन दिवसच झाले असतील तर बाकीचा लेख बाजूला ठेवा आणि हे तपासा.

फेसलिफ्टनंतरची सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साठणं, ज्याला डॉक्टर हेमॅटोमा म्हणतात. बहुतेक वेळा तो पहिल्या २४ तासांत होतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये जास्त, आणि ज्यांचं बीपी वाढलेलं राहतं त्यांच्यात जास्त. ओळख अशी: एक बाजू दुसरीपेक्षा झपाट्यानं फुगते, ताणून कडक होते, गोळी घेऊनही दुखणं वाढतच जातं, रंग जांभळा-काळा होत जातो. गिळायला त्रास, आवाज बदलणं, श्वास घेताना अडकल्यासारखं वाटणं यांपैकी काही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. सर्जनना फोन लावा. फोन लागला नाही तर ज्या हॉस्पिटलात सर्जरी झाली तिथल्या कॅज्युअल्टीत जा. श्वासाचा त्रास असेल तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात शिरा, मग ते कुठलंही असो. साठलेलं रक्त वेळेत काढलं तर पुढं सहसा सगळं नीट होतं. ते तसंच राहिलं तर वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

थोड्या उशिरा येणारी दुसरी तातडी म्हणजे जंतुसंसर्ग: ताप, वाढती लाली, हाताला लागणारा गरमपणा, टाक्यांतून पू किंवा वास. हे फोनवर फोटो पाठवून निभावायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

ज्यांची सर्जरी अजून व्हायची आहे त्यांना एक कळकळीची सूचना. तुम्ही विरार, बदलापूर किंवा पनवेलच्या पुढं राहत असाल आणि हॉस्पिटल दक्षिण मुंबईत असेल, तर पहिल्या दोन रात्री हॉस्पिटलच्या जवळपास काढा. नातेवाइकांकडे, लॉजवर, कुठंही. पावसाळ्यात तर नक्कीच. रूळ पाण्याखाली गेले आणि हायवे तुंबला की पंचवीस किलोमीटरला किती तास लागतात हे आपल्याला कुणी सांगायला नको.

२. आपण कितव्या आठवड्यात आहोत ते पाहा

तातडीचं काही नाही ना? मग कॅलेंडर काढा. फुगवट्याचा अर्थ बहुतांशी तो कधी आला यावरून लागतो.

पहिले दोन आठवडे चेहऱ्यावरची सूज गुरुत्वाकर्षणानं खाली उतरते आणि हनुवटीखाली, गळ्यावर येऊन थांबते. म्हणजे गाल ओसरत असताना गळा भरलेला दिसणं हे बिघडल्याचं लक्षण नाही. काळंनिळंपणाही असाच खाली सरकत पिवळा होतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. सूजही पहिल्या तीन-चार आठवड्यांत बरीचशी उतरते.

मात्र याच काळात, विशेषतः ड्रेनच्या (आतलं रक्त-पाणी बाहेर काढण्यासाठी ठेवलेल्या) नळ्या काढल्यानंतर काही दिवसांनी, अचानक नवा मऊ फुगवटा आला तर ते साठलेलं पाणी असू शकतं. त्याला सेरोमा म्हणतात. ‘आधी बरं होतं, मग परवा फुगलं’ हे वाक्य सर्जनना जसंच्या तसं सांगा. ‘हळूहळू कमी होतंय’ आणि ‘कमी होऊन पुन्हा आलं’ यांत फार फरक आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ मनाला सगळ्यात जड जातो. सूज उतरते, पण आतून वळ भरत असतो. हनुवटीखाली हात लावला तर फळीसारखं टणक लागतं, कुठं छोट्या गाठी लागतात, गिळताना ओढल्यासारखं होतं. सकाळी जास्त, दुपारनंतर कमी. हा टणकपणा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यानंतर हळूहळू मऊ पडतो. याच काळात सगळ्यात जास्त लोक घाबरतात आणि कुठल्यातरी क्लिनिकमध्ये जाऊन नको ते करून घेतात.

सहा महिन्यांनंतरही जे तसंच उरलं ते बहुधा सूज नव्हे, रचना आहे: चरबी, स्नायू किंवा ग्रंथी. गळ्याचा शेवटचा आकार ठरायला सहा महिने ते वर्षभर लागतं, म्हणून त्याआधी काढलेला निष्कर्ष कच्चाच समजायचा.

३. फोटो काढा, पण रोज नाही

आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच भिंतीसमोर, खिडकीचा उजेड समोरून घेऊन. मोबाईल दुसऱ्याच्या हातात द्या किंवा स्टँडवर डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. समोरून, दोन्ही बाजूंनी तिरकं, दोन्ही बाजूंनी पूर्ण आडवं, असे पाच फोटो पुरेत. नजर सरळ समोर, दात हलके मिटलेले, हनुवटी वर किंवा खाली नको.

मान खाली घालून सेल्फी काढला तर हनुवटीखाली वळकटी कुणाचीही दिसते, विशीतल्या मुलीचीसुद्धा. मान खाली घातलेला एक फोटो वेगळा काढून ठेवायला हरकत नाही, सर्जनना त्यातूनही कळतं. पण त्यावरून स्वतः निकाल लावू नका. व्हॉट्सअॅपवर मैत्रिणींना पाठवून मतं गोळा करू नका, हेही मनापासून सांगते. पाच जणी पाच गोष्टी सांगतात आणि आपला जीव अजून टांगणीला लागतो.

४. फुगवटा नेमका कुठं आहे आणि कसा आहे ते लिहून ठेवा

हा टप्पा घाईनं उरकू नका. निदान सर्जनच करणार, पण आपण अचूक निरीक्षण घेऊन गेलो तर दहा मिनिटांच्या ओपीडीत काम होतं. बोटांनी हलकेच चाचपायचं. दाबायचं, चोळायचं नाही. सर्जरीनंतर पहिल्या काही आठवड्यांत असाल तर सर्जनना विचारल्याशिवाय तेही नको.

मऊ आहे आणि एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूला लाट गेल्यासारखं वाटतं, असं असेल तर पाणी साठल्याची शक्यता. सेरोमावर उपाय सोपा असतो: बारीक सुईनं पाणी खेचून काढतात आणि वरून दाबपट्टी बांधतात. कधी दोन-तीनदा काढावं लागतं. तसंच सोडलं तर भोवती वळ तयार होऊन फुगवटा टणक बनू शकतो, म्हणून हे अंगावर काढू नये.

जेवताना फुगतं आणि नंतर ओसरतं का, याकडे मुद्दाम लक्ष ठेवा. लिंबाचं लोणचं, कैरी, चिंचेचं सार असं काही आंबट खाल्लं की फुगवटा वाढत असेल, तर लाळ साठत असण्याचा संशय येतो. सर्जरीत लाळग्रंथीला थोडी इजा झाली तर लाळ ग्रंथीबाहेर आजूबाजूच्या मांसात झिरपते. हे फारसं होत नाही, पण होतं तेव्हा पाणी समजून वारंवार काढलं जातं आणि पुन्हा भरतं. सुईनं काढलेल्या द्रवात अमायलेजचं (लाळेतल्या पाचक द्रव्याचं) प्रमाण तपासलं की लाळ आहे की नाही ते कळतं. उपचारात दाब, लाळ कमी करणारी औषधं आणि काही वेळा ग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन असतं. आंबट-तिखट काही काळ बंद. मला हे झालं नव्हतं, पण माझ्या ओळखीतल्या एकीला झालं होतं आणि ‘जेवताना वाढतं’ हे तिनं सांगेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

टणक आहे, हलत नाही, त्वचा त्याला चिकटल्यासारखी आहे आणि आठवड्याआठवड्यानं किंचित का होईना मऊ होतंय: हा वळ. याला वेळ द्यायचा. सर्जन सांगतील तेव्हापासून, सांगतील तसाच मसाज. काही ठिकाणी अगदी थोड्या मात्रेत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, पण ते जपून; जास्त झालं तर तिथं खड्डा पडतो आणि त्वचा पातळ होते.

आता रचनेकडे येऊ. यासाठी गळ्याची थोडी ओळख हवी. त्वचेखाली चरबीचा एक थर, त्याखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ पसरट स्नायू, आणि त्याच्याही खाली मधोमध चरबीचा दुसरा थर. लायपोसक्शनची, म्हणजे चरबी शोषून काढायची, नळी सहसा वरच्या थरापुरती फिरते. खालची चरबी काढायची तर हनुवटीखाली छोटा छेद देऊन स्नायूच्या मागं जावं लागतं. कानाभोवतीच्या छेदांतून केलेलं फेसलिफ्ट गाल आणि जबड्याची कड बाजूनं वर ओढतं, मधोमधच्या खोल चरबीपर्यंत ते पोहोचतच नाही. म्हणजे सर्जरी अगदी व्यवस्थित होऊनही मध्यभागी भरलेपणा उरू शकतो. चाचणी अशी: आरशासमोर ‘ई’ म्हणत गळा ताणा आणि हनुवटीखालचं मांस चिमटीत धरा. चिमटीत येतं ती बहुधा वरची चरबी. चिमटीत फार काही येत नाही पण भरलेपणा तसाच दिसतो, तर तो खोलवरचा.

मधोमध नव्हे, तर मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना हनुवटीपासून गळ्याकडे जाणारे दोन उभट उंचवटे असतील, तर ते डायगॅस्ट्रिक (जबडा उघडायला मदत करणाऱ्या) स्नायूंचे पुढचे भाग असू शकतात. वरची चरबी निघाली की ते उघडे पडतात.

आणि जबड्याच्या हाडाच्या खाली, हनुवटीपासून मागं, एका किंवा दोन्ही बाजूंना गोलसर उंचवटा: ही जबड्याखालची लाळग्रंथी. ती सगळ्यांनाच असते, साधारण तीन सेंटीमीटरची. वयानुसार थोडी खाली ओघळते. आधी चरबी आणि सैल कातडीखाली लपलेली असते. गादीवरची चादर घट्ट ताणली की आतली कापसाची गुठळी दिसायला लागते, तसं सर्जरीनंतर तिचं होतं. ती नवी वाढलेली नसते, आता दिसायला लागलेली असते. माझ्या डाव्या बाजूचा फुगवटा शेवटी हाच निघाला, उजवीकडचा मात्र वळ होता आणि तो गेला. एकाच गळ्यात दोन कारणं असू शकतात हे मला तेव्हा कळलं.

याच्या उलटही होतं: मधली चरबी गरजेपेक्षा जास्त काढली गेली तर मधे खळगा पडतो आणि त्यामुळे बाजू फुगलेल्या भासतात. अशा वेळी आणखी चरबी काढली तर ते आणखी बिघडतं, उलट तिथं भर घालावी लागते. म्हणून म्हणते, फुगलेलं दिसतंय म्हणजे काढायचं असं गणित मांडू नका.

शेवटची शक्यता, आणि ही कृपा करून टाळू नका. गळ्यातली गाठ सर्जरीशी काहीही संबंध नसलेली असू शकते. थायरॉइडचा त्रास, दातांचा संसर्ग, आपल्याकडे अजूनही भरपूर असलेला क्षयरोग, आणि तंबाखू-मशेरीची सवय असेल तर तोंडाचा कर्करोग, या सगळ्यांत गळ्यावर सूज किंवा गाठी येतात. वेगळी हाताला लागणारी गाठ तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, वाढत गेली, वजन घटलं किंवा संध्याकाळी बारीक ताप येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ‘सर्जरीचीच सूज असेल’ म्हणून महिनेच्या महिने काढू नका.

५. कागदपत्रं जमवा

भांडायचं नसलं तरी हे सगळं हवं. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न ‘आधी नेमकं काय केलं होतं?’ हाच असतो, आणि ‘फेसलिफ्ट’ हे त्याचं पुरेसं उत्तर नाही.

– ऑपरेशन नोट. यात बघायचं: हनुवटीखाली छेद दिला होता का, लायपोसक्शन केलं का, प्लॅटिस्मा मधोमध शिवला का, खोल चरबी किंवा ग्रंथीला हात लावला का, ड्रेन ठेवला होता का
– डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या
– संमतीपत्राची प्रत
– सर्जरीआधीचे हॉस्पिटलनं काढलेले फोटो
– सर्जरीआधीचे रक्ताचे रिपोर्ट, थायरॉइडसकट
– सर्व बिलं आणि पावत्या
– तुमचे आठवड्याचे फोटो आणि चौथ्या टप्प्यातली नोंद, एका कागदावर

डिस्चार्ज कार्डवर सहसा एक-दोन ओळीच असतात. ऑपरेशन नोट वेगळी मागावी लागते. मला ती देताना ‘कशाला हवी?’ असं विचारलं गेलं. शांतपणे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णानं मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि त्या उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात. म्हणजे वर्षभर थांबायचं असलं तरी कागद आत्ताच मागून घ्या.

६. आपल्या सर्जनना भेटा, फोनवर भागवू नका

पहिली दारं त्यांचीच ठोठवायची. आत काय केलंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. रिसेप्शनवर ‘सूज आहे, उतरेल’ असं सांगून परत पाठवलं तर नम्रपणे पण ठामपणे अपॉइंटमेंट मागा. सोबत कुणालातरी न्या. आपण घाबरलेलो असतो, निम्मं ऐकूच येत नाही.

विचारायचे प्रश्न मी असे लिहून नेले होते: हे द्रव आहे, वळ आहे की रचना? हे कशावरून म्हणता? सर्जरीआधीच्या फोटोत हे दिसत होतं का? किती दिवसांनी पुन्हा बघायचं, आणि तोवर काय झालं तर आधी यायचं? तिसरा प्रश्न आरोपासारखा न विचारता, दोघांनी मिळून जुने फोटो बघत विचारला तर फार उपयोगी पडतो. ग्रंथीचा उंचवटा बऱ्याचदा जुन्या फोटोतही बारकाईनं पाहिलं की सापडतो.

शंका उरली तर गळ्याची सोनोग्राफी. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, थोड्या वेळात होते, आणि द्रव, चरबी, ग्रंथी, गाठ यांतला फरक बऱ्यापैकी दाखवते. मुंबईत कुठल्याही उपनगरात सोनोग्राफी सेंटर सापडतं, पण चिठ्ठीवर सर्जनकडून ‘फेसलिफ्टनंतर, हनुवटीखालचा व जबड्याखालचा भाग’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘गळा’ लिहिलं तर थायरॉइड बघून रिपोर्ट देतात आणि आपल्याला हव्या त्या जागेबद्दल एक ओळही नसते.

७. थांबायच्या काळात

झोपताना डोकं उंच हवं, पण दोन जाड उशा एकावर एक ठेवून नव्हे. तसं केलं की हनुवटी छातीला टेकते, गळ्याला घडी पडते आणि सूज तिथंच अडकते. पाठीपासून उतार होईल अशी रचना करा, मान सरळ राहू दे. मोबाईल मांडीवर ठेवून तासन्‌तास बघणं, पोथी किंवा वाती करायला खाली मान घालून बसणं पहिले काही आठवडे बंद. पुस्तक डोळ्यांसमोर धरा.

दाबपट्टा, ज्याला चिन स्ट्रॅप म्हणतात, सर्जन सांगतील तेवढाच वेळ आणि तेवढाच घट्ट. जास्त आवळला तर लवकर बसेल हा समज चुकीचा आहे. त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कडेला नवी सूज येते. आपल्या हवेत, विशेषतः मे आणि ऑक्टोबरमध्ये, पट्ट्याखाली घामोळं येतं. दोन पट्टे घ्या, एक धुवून वाळत घालता येतो. ठुशी, चिंचपेटी, हेल्मेटचा पट्टा, बंद गळ्याचे कपडे या काळात नकोत.

शेक देऊ नका. ही सूचना मी ठळकपणे लिहिते कारण आपल्या घरात सूज म्हटलं की गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेलं फडकं येतंच. फेसलिफ्टनंतर गाल, कानामागचा भाग आणि गळा कित्येक महिने बधिर असतो. भाजतंय हे कळतच नाही आणि फोड आल्यावर दिसतं. बर्फ थेट लावण्याचंही तसंच. तेल लावून चोळून देणारी मालिशवाली कितीही जुनी आणि प्रेमळ असो, गळ्याला हात लावू देऊ नका. पार्लरची मशीनं, रेडिओफ्रीक्वेन्सी (रेडिओलहरींनी त्वचा तापवणारी), हायफू (ध्वनिलहरींनी तापवणारी) हेही बधिर त्वचेवर नको.

‘चरबी विरघळवणारं’ इंजेक्शन हा दुसरा मोठा सापळा. डिऑक्सिकॉलिक अॅसिड हे औषध हनुवटीखालच्या चरबीसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं, ते खरं आहे. पण ते स्नायूच्या वरच्या चरबीसाठी आहे. ग्रंथी, स्नायू, वळ किंवा पाणी यांवर त्याचा उपयोग नाही, उलट इजा होते. शिवाय त्या इंजेक्शननंतर स्वतंत्र सूज येते, म्हणजे आधीचा फुगवटा कशाचा हे ओळखणं आणखी अवघड.

मशेरी, तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद. निकोटिननं त्वचेचा रक्तपुरवठा आकसतो आणि जखम भरायला वेळ लागतो. बीपीची गोळी चुकवू नका. अॅस्पिरिन, ब्रुफेन, माशाच्या तेलाच्या, लसणाच्या किंवा ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल सुरुवातीच्या काळात स्वतःच्या मनानं घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. मात्र अॅस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर तेही स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. पापड, लोणचं, फरसाण यांचं मीठ आवरलं तर सकाळची सूज कमी दिसते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथल्यानं चेहऱ्यावर ताण येतो. पहिले काही आठवडे गर्दीची लोकल टाळा. कुणाचं कोपर कुठं लागेल याचा नेम नसतो.

८. दुसरं मत कुणाचं घ्यायचं

पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी असावं. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ अशी पाटी म्हणजे ती पदवी नव्हे. नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव पडताळून पाहा. परळचं केईएम, सायन, नायर आणि भायखळ्याचं जेजे या सरकारी-पालिका रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. ओपीडीचे वार ठरलेले असतात, त्यामुळे चौकशी करून सकाळी लवकर जा, केसपेपर काढा. गर्दी असते, पण तिथं तुम्हाला काही विकायचं नसतं, आणि मला स्वतःला अशाच एका ठिकाणी सगळ्यात सरळ उत्तर मिळालं.

दुसऱ्या सर्जननं पहिल्याच भेटीत, हात न लावता, कागद न बघता नवी तारीख द्यायला सुरुवात केली तर उठून या.

९. खरंच पुन्हा काही करायचं असेल तर

सहा महिने तरी होऊ द्या. बरेच सर्जन वर्षाची मुदत सांगतात. वळ मऊ झाल्याशिवाय आत शिरलं तर थर नीट सुटत नाहीत आणि नसांना धोका वाढतो. वरची चरबी थोडी उरली असेल तर छोट्या लायपोसक्शननं काम होतं, ते तुलनेनं हलकं. खोल चरबी किंवा डायगॅस्ट्रिक स्नायू तासायचा तर हनुवटीखालच्या छेदातून जावं लागतं.

ग्रंथीबद्दल नीट विचार करा. जबड्याखालच्या दोन ग्रंथी मिळून, आपण काही खात नसताना तोंडात असलेल्या लाळेपैकी निम्म्याहून जास्त लाळ तयार करतात. ग्रंथीचा फुगलेला भाग कमी करता येतो आणि अनुभवी हातांनी तो होतोही, पण रक्तस्राव, लाळ साठणं, तोंड कोरडं पडणं आणि खालचा ओठ हलवणारी नस दुखावणं हे धोके सोबत येतात. मी सगळं ऐकून ते करायचं नाही असं ठरवलं. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. फक्त सर्जननं या चारही गोष्टी तोंडानं सांगितल्या पाहिजेत, आणि अशा किती सर्जऱ्या त्यांनी स्वतः केल्या आहेत तेही.

पैशांचं आधी लेखी घ्या. सर्जनची फी माफ असली तरी ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल आणि हॉस्पिटलचा खर्च वेगळा लागू शकतो. सौंदर्यासाठीच्या सर्जरीवर १८ टक्के जीएसटी असतो, तो अंदाजपत्रकात धरलाय का ते विचारा. मेडिक्लेमवर अवलंबून राहू नका, सौंदर्यशस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची किंवा वैद्यकीय गरजेची असेल तरच अपवाद. साठलेलं रक्त काढणं किंवा संसर्गासारख्या तातडीच्या उपचारांचं तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते मात्र एकदा टीपीएकडून (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) ईमेलवर विचारून घ्या, म्हणजे उत्तर लेखी राहतं.